पारुबाईनं कापलेला समुद्र

वारंगा फाट्यावर तीन रस्ते एकत्र येतात. एक नांदेडला जातो, एक नागपूरकडं आणि एक कळमनुरीवरून हिंगोलीला. या तिन्ही रस्त्यांनी रोज ढीगभर माणसं जातात-येतात, पण फाट्यावर नुसता बसून राहिलेल्या प्रेमदास आडेएवढं लांब त्यातलं कुणी गेलं नसेल. तो खुर्चीत बसून गेला आणि थेट समुद्रावर गेला. आता हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाचा आणि समुद्राचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. आधी मलाही तसंच वाटलं होतं.

प्रेमदास माळतांड्याचा. तांडा फाट्यापासून सायकलच्या टप्प्यात. बाप उत्तमसिंग रानात राबायचा आणि बोलायचं काम बायकोवर सोडून द्यायचा. आई पारुबाई. तिला पोरं याडी म्हणायची, बंजाऱ्यांत आईला तसंच म्हणतात. पारुबाईच्या हातच्या भरतकामाला आसपासच्या तांड्यांतून मागणी असायची. तिनं आरसा बसवला की घागरा फाटेल पण आरसा निघणार नाही. आणि प्रेमदासच्या पाठची बहीण मिना. या माणसांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्या प्रवासाला ती लदेणी म्हणत. पारुबाईचा आजेसासरा मिठासाठी पार दर्याच्या काठाला जाऊन आला होता म्हणे. पुढं रेल्वे आली, बैल नांगराला जुंपले गेले, आणि त्या घरातल्या कुणी पुन्हा समुद्र पाहिला नाही.

प्रेमदास पोरगा गुणी, पण एक गोष्ट देव त्याला द्यायची विसरला होता. दम. कैरी पाडाला लागायच्या आत हा झाडावर. कुणी गोष्ट सांगायला लागलं की हा मधेच म्हणायचा, शेवटी काय झालं ते आधी सांगा. मिना याच्या उलट. ती शेवटचा घास ताटात तसाच ठेवून त्याच्याकडं बघत बसायची.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव साल असेल. प्रेमदासनं नांदेडला राहून टायपिंग शिकून घेतलं आणि फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. बाहेर टेलिफोनचा पिवळा बोर्ड, आत एक टेबल, आणि टेबलावर नांदेडच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला जुना कॉम्प्युटर. फाट्यावर त्या यंत्राचं भलतंच अप्रूप. अर्ज टाईप करायला आलेला माणूस अर्ज विसरून पडद्याकडं बघत राहायचा. समोरचा चहावाला ग्यानोबा रोज येऊन विचारायचा, "प्रेमदास, याच्यात काय काय मावतं रे?"

"सगळं मावतं ग्यानोबादादा," प्रेमदास म्हणायचा. "फकस्त तुमची बडबड मावत न्हाई."

दुपारी फाटा सुनसान व्हायचा. एसट्या निघून गेलेल्या, ड्रायव्हर लोक ट्रकच्या सावलीत पटकूर टाकून झोपलेले. अशा वेळी प्रेमदास ठोकळ्यांचा खेळ लावायचा. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून फिरवून खाली बसवायचे, ओळ भरली की गायब. त्या खेळानं त्याला असं धरलं की रस्त्यानं जाताना ट्रकवर रचलेली पोती दिसली तरी हा मनातल्या मनात एक पोतं फिरवून कोपऱ्यातल्या फटीत बसवायचा. मग पत्त्यांचा खेळ आला, सुरुंग चुकवायचा आला, बुद्धिबळ आलं. मारामारीच्या खेळात त्याचं मन रमलं नाही. ज्यात डोकं खाजवावं लागतं, तेच त्याला आवडायचं. दम नाही आणि आवड कोड्यांची, आता याला काय म्हणावं.

आणि मग सीड्यांचं वेड लागलं. वसराम म्हणून त्याच्या लांबच्या नात्यातला एकजण ट्रकवर होता. हैद्राबाद, इंदूर, नागपूर, जिथं माल उतरवेल तिथल्या भंगारातून, फुटपाथवरून तो प्रेमदाससाठी सीड्या आणायचा. कुठल्या मासिकासोबत फुकट आलेल्या, कुठल्या दुकानदारानं टाकून दिलेल्या, काहींवर चित्र, काही कोऱ्या पाठीच्या. सीडी हातात आली की प्रेमदास आधी ती उन्हात धरायचा. पत्र्याच्या भोकातून आलेला कवडसा तिच्यावर पडला की दुकानभर रंग हलायला लागायचे. भिंतीवर, टेलिफोनवर, त्याच्या स्वतःच्या हातावर. कधीकधी त्या नादात सीडी लावायची राहूनच जायची. पारुबाईनं शिवलेल्या कवड्यांच्या कोथळीत तो त्या सीड्या जपून ठेवायचा. ज्या कोथळीत आजानं मिठाचे पैसे ठेवले, तसल्याच कोथळीत हा खेळ ठेवून राहिलाय, असं म्हणून उत्तमसिंग कपाळाला हात लावायचा.

मिना दुपारी भाकरी घेऊन दुकानावर यायची. कळमनुरीला दहावी झालेली, पुढं घरात बसलेली. पहिल्यांदा ती नुसती मागं उभी राहिली. प्रेमदास एका कोड्यात अडकून टेबलावर बुक्क्या मारत होता. तिनं बराच वेळ पाहिलं आणि मग पडद्यावर बोट ठेवलं. "हे आधी काढ." आणि कोडं सुटलं. टाका चुकला की कापड उलटं करून बघायचं, कुठून चुकलं ते मागनं दिसतं, हे तिला याडीनं शिकवलं होतं. कोड्यालाही ती तशीच मागून भिडायची. त्या दिवसापासून वाटणी ठरली. माऊस प्रेमदासच्या हातात आणि डोकं मिनाचं.

बेटाचा खेळ वसरामनं आणला तो अशा दिवसांत. एका डब्यात दोन सीड्या. पहिलीवर बेटाचं चित्र, दुसरीवर नावेचं. या खेळात कुणाला मारायचं नव्हतं, पळायचं नव्हतं. एक बेट, आणि बेटावर चिटपाखरू नाही. दगडी जिने, बंद दारं, गंजलेली चाकं, झाडाला टांगलेल्या घंटा. बोटानं दाबलं की एक पाऊल पुढं. काहीतरी फिरवावं, काहीतरी ओढावं, मग कुठंतरी लांब एखादं दार उघडल्याचा आवाज यावा. इंग्रजी दोघांना अर्धंमुर्धं कळायचं. पण समुद्राला कुठं भाषा लागते? बेटावर कुठंही जा, त्याचा आवाज सोबत असायचाच.

बाहेर फाट्यावर ऊन रटरटत असायचं, पत्रा तापलेला, आणि आत ही दोघं भावंडं लाटांच्या आवाजात बसलेली. सांगून खरं वाटणार नाही, पण प्रेमदासला त्या वेळी अंगावर गार वारा आल्यासारखं वाटायचं.

"भिया," मिनानं एकदा विचारलं. भिया म्हणजे भाऊ. "इथली माणसं कुठं गेली असतील रे?"

"लदेणीवर गेली असतील."

"मग येतील माघारी."

"येतील की. आपून तवर राखण करू."

असं ते बेट त्यांचं झालं. दोघं घरी भाकरी खाताखाता बोलायची ते बेटाचंच. त्या उत्तरेच्या घंटेचं काय करायचं, पाण्याखालच्या चाकाला दोरी कुठून आणायची. पारुबाईला वाटायचं, पोरं कुठल्यातरी गावाबद्दल बोलून राहिली. "तिथं पाण्याची तकलीफ हाय का?" असं तिनं एकदा विचारलंही होतं.

पारुबाईलाही त्याच काळात सीड्यांचा शोध लागला. झालं काय, की एक ओरखडलेली, न चालणारी सीडी प्रेमदासनं घरी टाकून दिली होती. पारुबाईनं ती गरम पाण्यात धरून मऊ केली आणि कातरीनं तिचे बोटभर आरसे कापले. ते तिनं एका घागऱ्याला लावले, आणि तांड्यात गलका झाला. काचेचा आरसा तोंड दाखवतो. याच्यात सगळे रंग होते. बाया पारुबाईच्या दारात येऊन बसायला लागल्या. प्रेमदासलाही बरं वाटलं. त्यानं दुकानात दाराजवळ एक पाटी ठेवली, मेलेल्या सीड्या तिच्यात टाकायचा, आणि पारुबाई बाजाराला आली की पाटी रिकामी करून न्यायची. खेळ मेला तरी आरसा होतो, असं तो म्हणायचा.

मिनाचं लग्न औंढा नागनाथच्या अलीकडच्या तांड्यात ठरलं. पोरगा रणजीत, स्वभावानं मोकळा, चार एकर रान. घरात गडबड सुरू झाली. लग्न अगदी तोंडावर आलं असताना मिना एकदा कशीबशी दुकानावर आली. राहिलं होतं ते घंटांचं शेवटचं कोडं. दोघं बसली. मिना डोळे मिटून घंटांचे आवाज ऐकत राहिली, प्रेमदास चुळबुळत राहिला, आणि मग तिनं म्हटलं, "आधी लहानी, मग फुटकी, मग मोठी." प्रेमदासनं तशा वाजवल्या. किनाऱ्यावर कडी सुटली. इतके दिवस साखळदंडानं बांधलेली ती नाव पाण्यावर हलली. आणि पडदा काळा झाला, त्यावर अक्षरं आली: दुसरी सीडी घाला.

प्रेमदासचा हात डब्याकडं गेला, आणि करंट गेला.

दोघंही हसत सुटली. करंट येईल म्हणून वाट पाहिली. ग्यानोबाचा चहा झाला, दुसरा चहा झाला. करंट काही आला नाही.

"मला जायला पाहिजे," मिना म्हणाली. "पाहुणे येऊन राहिले असतील. भिया, माझ्याबिगर नाव सोडायची न्हाई."

"न्हाई सोडत."

"तुला दम निघत न्हाई."

"निघंल. मी काय लेकरू हाये?"

मिना त्याच्याकडं बघून हसली. तिनं टेबल आवरलं, यंत्राच्या भोकात टाचणी घालून सीडी बाहेर काढली, ती डब्यात ठेवली, डबा मिटला, भाकरीचं फडकं उचललं आणि गेली.

लग्नाची चुंबळ बंजाऱ्यांत नवरीनं स्वतः भरायची असते. डोक्यावर घागर ठेवायची गोल गादी, तिला कवड्या, मागं पाठीवर रुळणारा भरजरी पदर. मिनानं ती घाईघाईत पुरी केली. पारुबाईनं हातात घेऊन दाबून पाहिली. "पाटावाणी कडक काहून झाली गं ही?"

"घागर जड असती याडी," मिना म्हणाली.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी नवरी एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते, त्याला ढावलो म्हणतात. शब्द थोडे पिढीजात, थोडे तिचे स्वतःचे. गोठ्यातल्या गायीसाठी रडायचं, विहिरीसाठी, उंबऱ्यासाठी, आईसाठी तर किती. मिना प्रेमदासच्या गळ्यात पडली आणि गायला लागली:

"भिया, नाव मी डोईवर बांधून नेते रे,
माझ्याबिगर ती सुटायची न्हाई रे,
मी येईन तवाच पाणी हलंल रे."

प्रेमदास हमसून हमसून रडत होता. सगळा तांडा रडत होता. नंतर मिना बैलाच्या पाठीवर उभी राहिली, दोन्ही हात वर करून तिनं तांड्याचा निरोप घेतला आणि गेली. म्हाताऱ्या बाया तेवढ्या नंतर एकमेकींना विचारत होत्या, "ढावल्यात नाव कुठून आणली गं या पोरीनं?"

प्रेमदासनं पुढं किती दिवस दम धरला, ते मला विचारू नका. मांडव अजून सुटला नव्हता एवढंच सांगतो. दुकान उघडलं, दार लोटून घेतलं, आणि स्वतःशीच म्हणाला, नुसती सुरुवात बघू, पुढं जायचं नाही. त्यानं डबा उघडला. पहिली सीडी जागेवर होती. दुसरीची जागा रिकामी.

त्यानं कोथळी पालथी केली. टेबलाखाली पाहिलं, टेलिफोनखाली पाहिलं, ग्यानोबाच्या टपरीतही पाहून आला. मग त्याची नजर दाराजवळच्या पाटीवर गेली. पाटी रिकामी होती. लग्नाच्या कपड्यांना आरसे लागतात म्हणून पारुबाई सगळं झाडून घेऊन गेली होती. तो तसाच सायकल मारत तांड्यावर आला. पारुबाई अंगणात बसून उरलेल्या कापडाला आरसे लावत होती. भोवती चकचकीत कपच्यांचा सडा.

"याडी," तो म्हणाला, "तू माझा समुद्र कापला."

पारुबाईला आधी काही कळलंच नाही. त्यानं सांगितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नावेचं चित्र होतं, चांगली होती, मेलेली नव्हती, असं तो खाली बघत सांगत राहिला. पारुबाईनं कातर खाली ठेवली.

"असंल बाबा," ती म्हणाली. "मला काय कळतं त्यातलं. हाताला लागली, चकचकीत दिसली. कापली असंल म्या."

प्रेमदास सायकल फिरवून निघून गेला. पारुबाईनं त्या दिवसानंतर आरसा लावायला घेतला नाही. कुणी विचारलं की म्हणायची, डोळे दुखून राहिले आताशा. तांड्यातल्या बायांना ते पटलं. प्रेमदासलाही आत कुठंतरी ठाऊक होतं की डोळ्यांचं निमित्त आहे. पण बोललेले शब्द माघारी कसे घ्यायचे, ते त्याला येत नव्हतं. घरच्या माणसाशी बोलायचं राहिलं की ते राहतंच.

आता त्याच्या डोक्यात काय घर करून बसलं, ते ऐका. होळीला तांड्यात बाया फेर धरून लेंगी म्हणत नाचायला लागल्या की तो लांब लिंबाखाली बसायचा. घागरे गरागरा फिरायचे, त्यांच्यावर त्याच्या आईनं लावलेले ते रंगीत आरसे झगमगायचे, आणि त्याला वाटायचं, याच्यातच कुठंतरी आहे. एकीच्या घागऱ्यावर किनारा, दुसरीच्या चोळीवर वल्हं, कुणाच्या पदरावर चार लाटा. आख्ख्या तांड्याच्या अंगावर त्याचा समुद्र तुकड्या-तुकड्यानं फिरत होता. बाया विहिरीवरून येताना सामोऱ्या आल्या की तो वाट सोडून उभा राहायचा आणि त्यांच्याकडं असा बघायचा की एकदा शकुंतलाबाईनं त्याला चांगलं झापलं, "काय रे प्रेमदास, आरसा कधी बघितला न्हाई का?" तो मान खाली घालून चालू लागला. स्वप्नातही त्याला तेच दिसायचं: उन्हात चमकणारे घागरे, घागऱ्यांमधून पाणी झिरपतंय, आणि पाण्याच्या पलीकडं बेट.

मिनाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? दम धरला नाही, राखण केली नाही. ती दिवाळीला माहेरी आली की आल्या आल्या विचारायची, "भिया, नाव?"

"बांधलेलीच हाये," तो म्हणायचा.

मग मिनाच्या चेहऱ्यावर असं काही हसू यायचं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला वाटायचं, हा शहाणा झाला, वाट बघतोय. ती म्हणायची, चल मग फाट्यावर, आणि याच्याकडं निमित्त तयार: करंट न्हाई, माऊस बिघडला, दुकानात गर्दी हाये. एका वर्षी तिच्या कडेवर आरोही होती. पुढच्या वर्षी आरोही चालत होती. नंतर नंतर मिनानं विचारायचंच सोडलं. तिला वाटलं, भियाला आता खेळाचं काही राहिलं नाही. आणि प्रेमदासला वाटलं, सुटलो. पण सुटला कसला, त्या न विचारण्याचंच त्याला जास्त लागलं.

दिवस गेले. पिवळा बोर्ड उतरला. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला. ऑनलाईन अर्जांसाठी नवा कॉम्प्युटर आला. वसरामनं ट्रक सोडून स्वतःचा टेम्पो घेतला आणि सीड्या आणायचं बंद केलं, कारण आता त्या कुणी टाकतही नव्हतं आणि घेतही नव्हतं. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात पडला. दोन हजार नऊचा उन्हाळा असेल. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "देऊन टाका भाऊ, किती दिवस सांभाळता?"

प्रेमदासनं त्या यंत्रावर हात ठेवला. नवीन मशीनवर बेटाचा खेळ चालत नव्हता, त्यानं करून पाहिलं होतं. हे गेलं की बेट गेलं. तो म्हणाला, "चार दिवसांनी या." आणि वसरामला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत कॉम्प्युटर चढला. एकदा मिनाला निदान बेट दाखवावं, नाव सुटते तिथपर्यंत न्यावं, आणि मग खरं सांगून टाकावं, एवढं त्यानं ठरवलं होतं. पारुबाई म्हणाली, "मीबी येते, नातीला बघून येते." पुढच्या सीटवर ती बसली, आणि पडद्याचं ते अवजड डबडं गोधडीत गुंडाळून तिनं तान्ह्या लेकरासारखं मांडीवर धरलं. कळमनुरी गेली, हिंगोली मागं पडली. रस्त्यानं वसराम एकटाच बोलत होता, आणि ते बरंच झालं.

औंढ्याच्या अलीकडं टेम्पो तांड्याकडं वळला. रणजीत दारातच होता. "काय मेव्हणे, माहेरचा आहेर म्हणून भंगार आणलं व्हय?" असं म्हणून त्यानंच ओझं आत नेलं. मिनाला काही कळेना. तारा जोडल्या, बटण दाबलं. यंत्र कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. आणि त्या छोट्याशा घरात लाटांचा आवाज भरला. मिना चुलीपासून उठून आली ती तशीच पिठाच्या हातांनी.

प्रेमदासनं घंटा वाजवल्या. लहानी, फुटकी, मोठी. कडी सुटली, नाव हलली, पडदा काळा झाला आणि अक्षरं आली: दुसरी सीडी घाला.

प्रेमदासनं माऊस सोडला.

"न्हाई माझ्याकडं," तो म्हणाला. "तुझं लग्न झालं तवाच हरवली. इतके दिवस खोटं बोललो मी तुझ्याशी."

मिना त्याच्याकडं बघतच राहिली. "म्हंजे तुला ठावंच न्हाई?"

"काय?"

"मी गाऊन सांगितलं की रे तुला. तुझ्या गळ्यात पडून."

"तवा सगळे रडून राहिले होते," प्रेमदास म्हणाला. "मीबी रडून राहिलो होतो."

मिनानं पदर तोंडात कोंबला, पण हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आन् मला वाटायचं, माझा भिया केवढ्या दमानं वाट बघून राहिला." तिनं पत्र्याची पेटी उघडली. लग्नाची चुंबळ काढली. दातानं दोरा तोडला, शिवण उसवली, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेली सीडी काढून त्याच्या हातात दिली. वर नावेचं चित्र. एक ओरखडा नाही.

"मुद्दाम नेली. तू माझ्याबिगर सोडली असती."

"सोडणारच होतो," प्रेमदास म्हणाला. "मांडव सुटायच्या आत डबा उघडला होता म्या."

यावर दोघंही पुन्हा हसायला लागली. रणजीत हसला, आरोही काही न कळता हसली. अशा हसण्यात मागं भिंतीशी बसलेली पारुबाई बोलली, ते आधी कुणाला ऐकूच आलं नाही.

"म्हंजे म्या न्हवती कापली."

तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडला का, असं विचारावं तसं ती बोलली. पण प्रेमदासच्या हातातली सीडी तशीच राहिली. उन्हातलं ते अंगण त्याला आठवलं, खाली ठेवलेली कातर आठवली, आणि त्यानंतरचं तिचं सगळं रिकामं बसणं. कापली नसतानाही, पोरगा म्हणतो म्हणून तिनं ते अंगावर घेतलं होतं. मिनानं त्याच्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि डोळ्यांच्या दुखण्याचं कोडं तिला सुटलं.

"याडी," प्रेमदास म्हणाला, "चुकलं माझं. ऊठ, इथं बस."

"मी कशाला रे? मोडंल माझ्यानं."

"मोडू दे."

त्यानं तिला खुर्चीत बसवलं. सीडी आत घातली. यंत्र गुरगुरलं. तिचा सुईनं भोकं पडलेला हात माऊसवर ठेवला, तिच्या बोटाखाली बटण आणून दिलं. मिना दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसली. "दाब याडी," ती म्हणाली.

पारुबाईनं बोट दाबलं. नाव किनाऱ्यापासून सुटली. बेट हळूहळू मागं गेलं, लहान झालं, आणि मग चारी बाजूंनी नुसतं पाणी उरलं. पारुबाई कितीतरी वेळ बघत राहिली. डोळे दुखतात असं काही ती म्हणाली नाही.

"लई मोठा हाये की रे हा," शेवटी ती म्हणाली. "माझ्या कातरीनं कसा कापला गेला असता?"